साडूचा सिनेमा आणि माझा संकल्प

षड्रिपूंपैकी पहिल्या पाचांवर मी विजय मिळवलेला आहे. (त्यात वयाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करतो, त्र्याहत्तराव्या वर्षी बरेचसे रिपू आपण होऊनच रजेचा अर्ज देतात.) राहिला सहावा, मत्सर. तो माझ्या आयुष्यात एका ठरावीक मनुष्याच्या रूपाने येतो, येताना पेढ्यांचा पुडा आणतो आणि "काय शास्त्रीबुवा, प्रकृती काय म्हणते?" असे विचारत नेमका माझ्याच खुर्चीत बसतो. त्या मनुष्याचे नाव वसंतराव. ते माझे साडू.

वसंतराव नाशिकला असतात आणि वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना संस्कृतचे अक्षर येत नाही, संध्या त्यांनी मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सोडली, आणि तरीही आमच्या सासुरवाडीत, म्हणजे कन्नडला, ते उंबऱ्यात दिसले की लहानथोर सगळे "वसंतराव आले, वसंतराव आले" म्हणून धावतात. मी आलो की "शास्त्रीबुवा आले, टीव्ही बंद करा" असे म्हणतात. मी पंचेचाळीस वर्षे संस्कृत शिकवले. आता समर्थनगरातल्या मारुती मंदिरात रोज सायंकाळी प्रवचन करतो. श्रोते अकरा. नित्यकर्मावर मी एक ग्रंथही लिहिला आहे. त्याच्या चारशे प्रती सध्या माझ्या पलंगाखाली आहेत. (पलंग त्यामुळे मुळीच करकरत नाही. ग्रंथाविषयी आलेला तेवढाच एक अनुकूल अभिप्राय, तोही सौ.चा.)

असे हे वसंतराव सिनेमात गेले! आणि त्यांना तिथे पाठवले कोणी? मी.

त्याचे असे झाले. ऋता नावाची एक तरुण दिग्दर्शिका पुण्याहून माझा पत्ता शोधत आली. 'सरकून बस ना जरा' असे तिच्या चित्रपटाचे नाव होते. पिशोरच्या एस.टी.त एका आसनावरून भांडलेली मुलगा-मुलगी शेवटी बोहल्यावर चढतात, अशी विनोदी प्रेमकथा. तिला लग्नाच्या प्रसंगासाठी भटजी हवा होता.

"आजोबा, आम्हाला खरा भटजी हवाय. मेकअपवाला नको."

"लग्न लागते ना शेवटी?" मी विचारले.

"लागतं. पण आधी नवरी अंतरपाट खाली ओढून पळून जाते."

"कितव्या मंगलाष्टकाला?"

"तिसऱ्या."

"आणि उरलेली?"

"उरलेली कापलीत, आजोबा. सगळं चार मिनिटांत बसवायचंय."

माझ्या अंगावर काटा आला. मी शांतपणे म्हणालो, "बाळ, ज्याला एकही मंगलाष्टक धड येत नाही, असा मनुष्य तुला पाहिजे. नाशिकला आमचे साडू आहेत, त्यांना विचार." हे मी उपहासाने बोललो होतो. आजच्या पिढीला उपहास कळत नाही. तिने पत्ता लिहून घेतला!

सहा महिन्यांनी सौ. भ्रमणध्वनी घेऊन देवघराच्या दारात उभी. पडद्यावर त्या चित्रपटाची जाहिरात, आणि तीत वसंतराव! रेशमी उपरणे, कपाळी गंध, हातात अक्षता. "अगंबाई," सौ. म्हणाली, "भावोजी किती रुबाबदार दिसतात हो! अगदी विद्वान वाटतात." मी घंटा जरा जोरात वाजवली.

इथवर मी सहन केले असते. पण त्याच आठवड्यात कन्नडहून दिगंबराचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा, दूरध्वनी आला. महिन्याभराने सासूबाईंच्या नव्वदीचा सोहळा होता. आमच्या सासुरवाडीची रीत अशी, की कुठल्याही मंगलकार्यात शाल-श्रीफळाचा पहिला मान थोरल्या जावयाचा. तो मी गेली चव्वेचाळीस वर्षे घेत आलो आहे. वसंतराव दुसरे. जगात वसंतरावांच्या आधी माझे नाव घेतले जाते अशी ती एकच जागा.

दिगंबर म्हणाला, "भाऊजी, मान तुमचाच हाय, नाय कुठं म्हणतोय मी? पण आता वसंतरावांचा पिच्चर येतोय. सारं कन्नड विचारतंय. समजा सोहळ्याच्या दिवशी पिच्चर थेटरात चालू असला, तर पहिली शाल नटाला द्यावी लागंल. न्हाईतर लोक नावं ठेवतील."

"आणि उतरलेला असला तर?"

"मग काय, मग तुम्हीच. उतरलेल्या पिच्चरला कोन विचारतं!"

म्हणजे प्रश्न सरळ होता. सोहळ्याच्या आत तो चित्रपट पडला पाहिजे.

लक्षणेही शुभ होती. चित्रपट अगदी मोजक्या पडद्यांवर लागला. आपल्या शहरात जालना रस्त्यावरच्या एका दुकान-संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर, तोही सकाळी पावणेदहाचा एकच खेळ. पावणेदहा म्हणजे सभ्य माणसाच्या पूजेची वेळ किंवा कचेरीची. मी पूजा उरकून पहिल्याच दिवशी गेलो. निव्वळ साक्षीभावाने! एवढ्या प्रशस्त सभागृहात माझ्यासह सात डोकी होती. त्यांपैकी दोन डोकी एकमेकांना टेकलेली होती आणि त्यांचे पडद्याकडे लक्षच नव्हते. एक गृहस्थ घोरत होते. मी हातातल्या जपमाळेवर रिकाम्या खुर्च्या मोजल्या. एक माळ पूर्ण झाली, दुसरी अर्धी झाली. किती दिवसांनी जपात मन इतके एकाग्र झाले होते!

दुसऱ्या दिवशी चार जण. तिसऱ्या दिवशी मी एकटा. अशा समाधानाचा सत्पुरुषाने नेम करावा, असे मला वाटले. मी मारुतीसमोर उभा राहिलो, उजव्या हातावर पळीभर पाणी घेतले आणि विधिवत् संकल्प सोडला: हा चित्रपट दाखवला जाणे बंद होईपर्यंत मी प्रतिदिनी त्याचे आरंभापासून अंतापर्यंत दर्शन घेईन. मनात हेतू एवढाच, की वसंतरावांच्या कीर्तीचा अस्त मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळावा.

इथे वाचकांना सांगितले पाहिजे, की हातावरून सोडलेले पाणी माझ्यासाठी गमतीची गोष्ट नाही. एकदा एका चातुर्मासात मी मीठ सोडण्याचा संकल्प केला होता. मधे सासुरवाडीला केळवणाला जाण्याचा प्रसंग आला, तरी मोडला नाही. (वसंतरावांनी त्या दिवशी माझ्यासमोर लोणच्याच्या चार फोडी खाल्ल्या.)

नित्यक्रम सुरू झाला. पहाटे स्नान, संध्या, पूजा आणि पावणेदहाला चित्रपट. तिकिटाच्या खिडकीवरची ताई मला पाहताच म्हणायची, "काका, तीच खुर्ची ना?" तीच. एक अडचण होती. त्या सभागृहात बसल्यावर तोंड दक्षिणेकडे येते, आणि दक्षिणाभिमुख बसून कोणतेही नित्यकर्म करणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी खुर्चीत तिरका, जमेल तितका पूर्वेकडे वळून बसत असे आणि पडद्याकडे मान वळवून पाहत असे. आठवडाभरात मान धरली. पण वसंतराव चुकीची मंगलाष्टके म्हणत असताना समोर पसरलेल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, की मानेची वेदना जाणवत नसे.

आठव्या दिवशी संध्याकाळी वसंतरावांचा दूरध्वनी.

"शास्त्रीबुवा, आमच्या नाशिकला चार दिवसांत उतरला हो पिक्चर. पुण्यातही काल उतरला."

"अरेरे!" मी म्हणालो. (हा उद्गार पूर्ण असत्य नव्हता. आवाजात दुःख होते; ते चार दिवस तिथे का चालला याचे होते.)

"पण तुमच्या शहराने लाज राखली! ऋता सांगत होती, संगणकावर दिसतं म्हणे तिला. तुमच्या इथे रोज सकाळी एक तिकीट जातं. रोज! तीच खुर्ची! कोण असेल हो तो देवमाणूस?"

मी असत्य बोलत नाही. मी म्हणालो, "असेल कुणी अभागी."

"अभागी कसा? रसिक म्हणा! भेटला तर त्याच्या पाया पडेन मी."

तो दूरध्वनी ठेवल्यावरही मला काही उमगले नाही. उमगले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही शेखचाचांच्या तोंडून. शेखचाचा म्हणजे सभागृहाच्या दारावर बॅटरी घेऊन बसणारे वृद्ध गृहस्थ. आम्ही दोघे एकाच वयाचे, गुडघेही एकाच वयाचे. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि काकुळतीने म्हणाले, "पंडितजी, बुरा नक्को मानो, एक बात बोलूं?"

"बोला."

"एक दिन नक्को आवो ना!"

"का बरे?"

"अजी, तुम आये तो मशीन चालू करना पड़ता. एक बी टिकट गया तो शो चलाना पड़ता, ऐसाच कायदा है. तुम नहीं आये तो शो बंद, पिच्चर बी बंद. मैं आराम से घर जाके नाश्ता करतूं!"

पडद्यावर वसंतराव अक्षता उधळत होते.

तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय नावाचा एक दोष आहे. दोन गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात आणि दोघींच्याही पायाखाली जमीन नसते. पंचेचाळीस वर्षे मी हा दोष विद्यार्थ्यांना शिकवला, ज्यांना कळला नाही त्यांना उभे केले. आणि आज मी स्वतः त्या दोषाच्या आत, ठरावीक खुर्चीत, तिरका बसलो होतो! चित्रपट उतरेपर्यंत मी येणार होतो, आणि मी येत होतो म्हणून चित्रपट उतरत नव्हता!

घरी आलो आणि सौ.ला सगळे सांगितले. ती परातीत पीठ मळत होती. हसता हसता तिचा पदर पिठात गेला.

"म्हणजे भावोजींचा पिक्चर तुम्ही चालवताय?"

"मी चालवत नाही. मी पाहतो."

"अहो, मग नका ना जाऊ उद्या."

"संकल्प आहे."

"मग जा."

"गेलो तर उतरणार नाही."

"मग बसा घरी."

"संकल्प आहे, विमल!"

"तुमचं आणि त्या मारुतीचं तुम्ही काय ते बघा," असे म्हणून ती पुन्हा पीठ मळू लागली, आणि मधूनच एकटी हसू लागली.

मी उपाय योजला. संकल्पात 'दर्शन घेईन' होते; मी मुद्दाम उशिरा पोहोचलो, खेळच रद्द झाला तर दर्शनाचा प्रश्नच उरणार नव्हता. समर्थनगरातून चालत निघालो. वाटेत क्रांती चौकात थांबून उसाचा रस घेतला, एका पुस्तकाच्या दुकानात माझा ग्रंथ आहे का ते विचारले (नव्हता), आणि साडेदहाला जिना चढलो. दारात तिकिटाची ताई उभी!

"काका, किती उशीर! काळजी वाटली ना आम्हाला. तुमचं तिकीट मी काढूनच ठेवलंय."

आतून शेखचाचा ओरडले, "पंडितजी आ गये! चालू करो!" मला इतके कृतघ्न वाटले, की त्या दिवशी मी सरळ दक्षिणाभिमुख बसलो.

यानंतर प्रकरण माझ्या हातून गेले. आमच्या प्रवचनाच्या अकरा श्रोत्यांपैकी एक मंदाकिनीबाई. भजनी मंडळाच्या प्रमुख, आवाज टाळांपेक्षा मोठा. त्यांनी मला जिन्यावर गाठले.

"शास्त्रीबुवा! तुम्ही इथं?"

"हो."

"सिनेमाला?"

"हो."

"नेहमी येता?"

"रोज." (असत्य बोलत नाही, हे मी वर सांगितलेच आहे. या गुणाने माझे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही दुर्गुणाने केले नाही.)

बाईंनी डोळे मिटले, हात जोडले. "म्हणजे काहीतरी आहे त्या सिनेमात."

"काहीही नाही!"

"तुम्ही असंच म्हणणार. तुमच्यासारखा माणूस रोज जातो, आणि काही नाही म्हणे! आमचा अधिकार नाही, एवढं सरळ सांगा की!"

दोन दिवसांनी सबंध भजनी मंडळ एका टेम्पोतून चित्रपटगृहात उतरले. एकूण बत्तीस बायका. सोबत थालीपिठे होती. ती दारावर अडवली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी "प्रसाद आहे" असे सांगून सोडवून आणली. लग्नाच्या प्रसंगाला वसंतराव 'शुभमंगल' म्हणाले मात्र, बत्तीस बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या आणि पडद्यावर खऱ्या अक्षता टाकल्या! शेखचाचा झाडू घेऊन माझ्यापाशी आले आणि तो त्यांनी माझ्या खुर्चीला टेकवून ठेवला.

आता मात्र गप्प राहणे अधर्म होता. मी सायंकाळच्या प्रवचनात विषय बाजूला ठेवला आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, की त्या चित्रपटातला पुरोहित अडाणी आहे. अंतरपाट चुकीच्या बाजूने धरला आहे, मंगलाष्टके अर्धवट आहेत आणि अक्षता वऱ्हाड्यांच्या आधी भटजीच उधळतो. हे पाहणे हा दोष आहे!

मला वाटले, आता कुणी पाऊल ठेवणार नाही. पण मी एक गोष्ट विसरलो. या शहरात पौरोहित्य करणारे जितके आहेत, त्यांना दुसऱ्या पुरोहिताची चूक पाहण्याइतका आनंद कशातच नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रपटगृहात धोतरेच धोतरे. खडकेश्वरापासून सिडकोपर्यंतचे झाडून सारे भिक्षुक हजर. लग्नाचा प्रसंग आला आणि सभागृहात शास्त्रार्थ सुरू झाला.

"अंतरपाट बरोबर धरलाय! आमच्याकडं असाच धरतात!"

"तुमच्याकडे काहीही धरतात!"

"गुरुजी, खाली बसा, नवरी दिसंना झालीय!"

"ओ, मागे घ्या जरा सिनेमा, पुन्हा बघू द्या!"

सिनेमा मागे घेता येत नाही असे कळल्यावर ते सारे दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. एका स्थानिक वर्तमानपत्राने त्यांचे छायाचित्र छापले. त्यात, अंग पूर्वेकडे आणि मान दक्षिणेकडे, असा मी स्पष्ट दिसत होतो. त्यानंतर कॉलेजची मुले भिक्षुकांचे भांडण पाहायला येऊ लागली, आणि मुलांवर लक्ष ठेवायला त्यांच्या आया. चौथ्या आठवड्यात ताईने मला खिडकीतून हात जोडले. "काका, माफ करा, तुमची खुर्ची गेली. हाउसफुल्ल आहे." त्या दिवशी माझा संकल्प मोडला असता, शेखचाचांनी आपले स्टूल दिले म्हणून वाचला. मी दाराशी, स्टुलावर बसून, वसंतरावांसाठी वाजणाऱ्या टाळ्या ऐकल्या. माझ्या सबंध आयुष्यातल्या प्रवचनांना मिळून तेवढ्या टाळ्या वाजल्या नसतील. (प्रवचनात टाळ्या वाजवत नाहीत, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणतो, पण वाजवायला कुणाची मनाई नाही.)

सोहळ्याचा दिवस आला. चित्रपट चालूच होता. सकाळचा खेळ पाहूनच मी एस.टी.ने कन्नड गाठले, त्यामुळे मुख्य कार्यक्रमाला जेमतेम पोहोचलो. मांडव गच्च भरला होता. वसंतराव सोफ्यावर, तेच रेशमी उपरणे घेऊन. शेजारी ऋता. सासूबाई नव्वद दिव्यांच्या मागे बसल्या होत्या आणि सगळ्यांना विचारत होत्या, "सिनेमातला जावई कुठला?" मी दुसऱ्या रांगेत, एका खांबाआड जागा शोधली. मनाची तयारी केली होती. चव्वेचाळीस वर्षे मान घेतला. सत्पुरुषाने पंचेचाळिसाव्या वर्षी सोडावा. सोडवत मात्र नव्हता.

दिगंबराने ध्वनिक्षेपक घेतला. "तर मंडळी, शाल-श्रीफळाचा पयला मान..."

वसंतराव उठले. मी मान खाली घातली. तेवढ्यात वसंतरावांनी दिगंबराच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"पहिला मान माझा नाही," ते म्हणाले. "नाशिकने मला चार दिवसांत उतरवलं. माझी स्वतःची मुलं म्हणाली, टीव्हीवर आला की पाहू. पण एक माणूस रोज गेला. एकटा असताना गेला, मान धरली तरी गेला. मला फोनवर म्हणाला, असेल कुणी अभागी! स्वतःचं नाव सांगितलं नाही. काल वर्तमानपत्रातला फोटो ऋताने दाखवला, त्याच खुर्चीतला, तेव्हा कळलं मला. शास्त्रीबुवा, कुठे आहात?"

मी खांबाआड होतो. मंदाकिनीबाई (यांना कन्नडला कोणी बोलावले, हे अजून कळलेले नाही) ओरडल्या, "हे काय, इथं लपलेत!"

आणि अशा रीतीने शाल-श्रीफळाचा पहिला मान, रीतीप्रमाणे, थोरल्या जावयाला मिळाला. वसंतरावांचा सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक म्हणून! वसंतराव खरोखर पाया पडले. दिगंबर पुटपुटला, "भाऊजी, लई मोठं मन हाय तुमचं. मला वाटलं, तुम्ही जळता त्यांच्यावर." सौ. समोरच बसली होती. तिने पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटले, गहिवरली.

सत्य सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पण ध्वनिक्षेपक ऋताच्या हातात गेला होता. "आणखी एक आनंदाची बातमी! पुढच्या आठवड्यात थिएटरमधून उतरला, तरी आपला पिक्चर आता घरोघरी टीव्हीवर येतोय. मोबाइलवरसुद्धा!"

"किती दिवस असेल?" मी क्षीण आवाजात विचारले.

"कायमचा, आजोबा! तिथून काही उतरतच नाही. कधीही लावा आणि बघा!"

मी डोळे मिटून माझ्या संकल्पाची शब्दरचना आठवली. 'हा चित्रपट दाखवला जाणे बंद होईपर्यंत.' पंचेचाळीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्या मनुष्याने 'चित्रपटगृहात' एवढा एक शब्द त्यात घालायला नको होता का?

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी पावणेदहाला टीव्हीवर 'सरकून बस ना जरा' लागतो. (टीव्ही मी पूर्वेच्या भिंतीवर बसवून घेतला आहे, निदान मान सुटली.) वसंतराव मधूनमधून कळवतात, की घरोघरी पाहणाऱ्यांतही आपले शहर पुढे आहे. असणारच! माझ्यामागून मंदाकिनीबाई आल्या, बाईंमागून भजनी मंडळ आले, आणि शेखचाचाही सकाळचा खेळ बंद झाल्यामुळे नाश्त्याला आमच्याकडेच येतात. सतरंज्या पुरत नाहीत. मंदिरात अकरा श्रोते, घरात चाळीस प्रेक्षक! मी विचार केला, एवढी मंडळी आयती जमली आहे, तर लग्नाचा प्रसंग आला की खरी मंगलाष्टके कोणती आणि अंतरपाट कसा धरावा, याचे थोडे निरूपण करावे. आठ दिवस केले. मंडळी शांतपणे, एकटक समोर पाहत ऐकत होती. आयुष्यात प्रथमच एवढा समुदाय माझ्यासमोर बसला होता.

परवा निरूपण ऐन रंगात आले असता मंदाकिनीबाईंनी हात जोडले.

"शास्त्रीबुवा, फार सुंदर सांगता. पण जरा हळू बोला ना, वसंतरावांचं ऐकू येत नाही."